मेलेला माणूस पाव खातो

माझा धंदा काय, असं कुणी विचारलं की मी आधी चहा मागवायचो, कारण उत्तर लांब होतं. सावेडीत माझं प्रोजेक्टर आणि स्पीकर भाड्याने देण्याचं दुकान होतं, हे झालं पाटीवरचं उत्तर. बियाणे कंपन्यांचे शेतकरी मेळावे, शाळांची गॅदरिंगं, लग्नात नवरा-नवरीचे लहानपणीचे फोटो पडद्यावर दाखवणं, ही पोटापाण्याची कामं. पण वर्षातले दहा-बारा दिवस मी जे करायचो त्याला मराठीत नाव नाही. मी परदेशी पिक्चर सांगायचो. पडद्यावर पिक्चर चालू, त्याचा आवाज बारीक केलेला, आणि पडद्याच्या डाव्या अंगाला स्टुलावर माईक धरून मी. पडद्यावरची बाई तिच्या भाषेत बोलली की तिच्या पाठोपाठ मी मराठीत बोलायचो. बाई रडायला लागली की गप्प बसायचो. एवढंच काम. तेही मी धड केलं नाही.

ह्या कामात माझ्या तोंडामुळे एका मुलीचं जमत आलेलं लग्न मोडलं. ते सांगायलाच बसलोय. पण एकदम तिथं गेलो तर तुम्ही म्हणाल, हा माणूस मूर्ख आहे. तसं म्हणायला माझी हरकत नाही. फक्त किती मूर्ख, ते क्रमाने कळावं.

नगरला सिनेमावेड्यांचं एक छोटं मंडळ होतं. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझी जीभ जुनी आहे, सांभाळून घ्या.) मंडळाचे अध्यक्ष लहान मुलांचे डॉक्टर. दिवसभर पोरांची रडारड ऐकून रात्री ते मोठ्यांच्या रडारडीचे पिक्चर बघायचे. जगातले चांगले पिक्चर खेड्यापाड्यात दाखवावेत असं त्यांच्या मनात फार. अडचण एकच. पडद्याखाली जी पट्टी येते ती इंग्रजीत, आणि मराठी पट्टी तयार करायला ना माणूस ना वेळ. म्हणून असं ठरलं की डॉक्टरांनी सुरुवातीला दहा मिनिटं गोष्ट समजावून सांगायची आणि मग लोकांनी बघायचं. बेलापूरला पहिला खेळ होता. डॉक्टर माईकपाशी गेले, नमस्कार म्हणाले आणि त्यांचा फोन वाजला. कुणाचं तरी पोर गंभीर. डॉक्टर गाडीत बसून गेले, माईक माझ्या हातात राहिला. मशीन तपासताना मी तो पिक्चर घरी दोनदा बघितला होता. इंग्रजी माझं बी.कॉम.ला दोनदा नापास झालेल्या माणसाचं, म्हणजे वाचता येतं, अभिमान नाही. मी बोलायला लागलो आणि मग पंधरा वर्षं बोलतच राहिलो.

बाहेरच्यांना वाटतं, ह्यात भाषेची अडचण मोठी. तसं नाही. अडचण लोकांच्या प्रश्नांची. आपल्याकडचा प्रेक्षक गप्प बसून बघत नाही, त्याला माणसाची पूर्ण माहिती लागते. नेवाशाकडच्या एका गावात पडद्यावर एक म्हातारा खिडकीतून बर्फाकडे बघत बसला होता. परदेशी पिक्चरमध्ये म्हातारे असे फार बसतात. तीन मिनिटं झाली, तो बघतोच आहे. मागून आवाज आला, "जमीन किती हाय ह्याला?"

मी म्हणालो, बारा एकर.

"बागायत का जिरायत?"

बागायत, मी म्हणालो. कशाला कुणाचं मन मोडा. अर्ध्या तासाने त्या म्हाताऱ्याचा मुलगा सामान बांधून शहरात नोकरी शोधायला निघाला. झालं. बारा एकर बागायत सोडून हे पोरगं हमाली करायला का चाललंय, ह्याचा खुलासा लोकांना हवा होता. मी घाईने सांगितलं की वाटण्या झाल्या, ह्याच्या वाट्याला चारच एकर आली. म्हणजे आणखी दोन भाऊ आले. ते पिक्चरमध्ये नव्हतेच. सगळा मंडप शेवटपर्यंत त्या दोघांची वाट बघत बसला. खेळ सुटल्यावर एक पटकेवाले आजोबा जवळ येऊन म्हणाले की बाकी समदं झ्याक हुतं, पर ते दोघं भाऊ बापाच्या मयताला बी आले न्हाईत, लई वाईट केलं त्यांनी. मी मान हलवली. काय करणार, मलाही वाईट वाटलं होतं.

भंडारदऱ्याच्या बाजूला एका शाळेत तर माझा चष्माच घरी राहिला. खाली पट्टीवर अक्षरं मुंगळ्यांसारखी पळतायत आणि मला ओ की ठो कळत नाही. सबंध पिक्चर मी माणसांच्या तोंडाकडे बघून अंदाजाने सांगितला. एक जोडपं पूर्णवेळ टेबलाशी बसून घटस्फोटाची बोलणी करत होतं, हे मला नंतर डॉक्टरांकडून समजलं. मी ते मुलीच्या लग्नाची बोलणी म्हणून सांगितलं होतं. पंधरवड्याने मुख्याध्यापकांचं पत्र आलं, तोच पिक्चर पुन्हा दाखवावा, पालकांची मागणी आहे. डॉक्टर ते पत्र महिनाभर खिशात घेऊन फिरत होते. म्हणायचे, आपल्या खेड्यातल्या माणसाची जाण आपल्याला कळलेलीच नाही.

असो. कामाचे माझे दोन-तीन नियम होते. एक, कायम एक वाक्य मागे राहायचं, पुढे पळायचं नाही. दुसरा रडण्याचा, तो मघाशी सांगितला. आणि तिसरा नावांचा. परदेशी नावं आपल्या कानात बसत नाहीत. पाच मिनिटांत कोण कुणाचा कोण हे कळलं नाही तर बाया उठून भाकरी टाकायला घरी जातात. म्हणून मी पात्रांना आपली नावं द्यायचो. ती आयत्या वेळी सुचायची नाहीत, त्यावर मी एक युक्ती काढली होती आणि तिचा मला फार गर्व होता. खेळाच्या आधी कुणाच्या तरी घरी जेवण-चहा व्हायचाच. तिथं भांडी वाचायची. आपल्याकडे प्रत्येक घरात बारशाला, लग्नाला, वास्तुशांतीला आलेली भांडी, आणि त्यांवर नावं कोरलेली. तांब्यावर एक, ताटलीवर दुसरं, वाटीवर तिसरं. देणारे दहा गावचे, म्हणून नावं त्या घरची असतातच असं नाही, पण त्या भागातली असतात. कानाला ओळखीची. पाणी पिता पिता माझी पात्रं तयार. कुणाला विचारायला नको, सांगायला नको. बायको म्हणायची, लोकांची भांडी काय वाचता, लोक म्हणतील चोरबीर आहे. तिला कलेतलं काय कळतं, असं मी म्हणायचो.

आता त्या गावाकडे येतो. शेवगावच्या पुढं, नाव लिहीत नाही, कारण ती माणसं अजून आहेत. सात-आठ वर्षं झाली. ऊसतोडीला गेलेली माणसं परत आलेली, गावात वर्दळ होती. तिथल्या वाचनालयाने खेळ ठेवला होता. वाचनालयाचे अध्यक्ष हायस्कुलातले निवृत्त मास्तर, सगळं गाव त्यांना सर म्हणायचं. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, मोजकं बोलणं. त्यांच्याकडेच आमचं जेवण. घरात सरांच्या पत्नी, मुलगी आणि सरांच्या थोरल्या विधवा बहीण आक्का. आक्का सत्तरीच्या आसपास. आई लवकर गेल्यावर धाकट्या भावंडांना त्यांनीच वाढवलेलं, एवढं त्या वाढता वाढता बोलून गेल्या. मुलीचं स्थळ आलं होतं, मुलाचे वडील आणि चुलते घर बघायला त्याच दिवशी यायचे होते. गावात कार्यक्रम आहे, आपण अध्यक्ष आहोत, पाहुण्यांवर छाप पडेल, असा सरांचा हिशोब. तो मी धुळीला मिळवणार होतो, पण तेव्हा मी पिठलं-भाकरी खात होतो आणि भांडी वाचत होतो. तांब्यावर शंकर. ताटलीवर कुसुम. आणि पाण्याच्या जुन्या फुलपात्रावर, चि. मधुकर.

पिक्चर कुठल्याशा थंड देशातला. डॉक्टर देशाचं नाव सांगायचे तेव्हा कळायचं, घरी येईपर्यंत मी विसरायचो. गोष्ट मात्र मला पाठ होती. एक म्हातारा पाव भाजणारा, त्याची भट्टी, त्याची मुलगी. म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ लहानपणी तळ्यात बुडून मेला, असं सगळ्यांना माहीत. स्मशानात त्याच्या नावाचा दगड आहे, घरातले त्यावर फुलं ठेवतात. म्हातारा दर गुरुवारी एक पाव कागदात बांधून कुठंतरी जातो, कुठं ते सांगत नाही. एक दिवस त्याला अर्धांगाचा झटका येतो, वाचा जाते. गुरुवार येतो. मुलगी तो पाव उचलते आणि बापाची वाट शोधत निघते. शेवटी शहराबाहेर झाडीत एक मोठी इमारत लागते, आणि तिथं बापासारखाच दिसणारा एक माणूस तिच्या हातातला पाव बघून हसतो. भाऊ मेलेला नसतो. डोक्याने आजारी म्हणून घराने त्याला तिथं ठेवलेलं असतं आणि गावाला मेला म्हणून सांगितलेलं असतं.

समाजमंदिरात दुपारचा खेळ. खिडक्यांना गोधड्या लावून अंधार केलेला. दीडेकशे माणूस. पुढं सतरंजीवर बाया, त्यांत आक्का. खुर्च्यांवर सर आणि दोन पाहुणे. मी सुरू केलं. हा भट्टीवाला शंकर, ही त्याची मुलगी कुसुम. स्मशानाचं दृश्य आलं, मी सांगितलं, हा दगड शंकरच्या धाकट्या भावाचा, मधुकरचा, तो तळ्यात बुडाला. लोकांत जराशी चुळबूळ झाली. मला वाटलं, लोक हळहळले.

परदेशी पिक्चरला मध्यंतर नसतं. आपल्या माणसाला चहा लागतो. दिवा गरम होतो असं सांगून मी अर्ध्यावर मशीन थांबवायचो. पण लोक चहाला गेले की परत येतील ह्याची खात्री नसते, म्हणून थांबवताना काहीतरी चुटपूट लावून ठेवायची माझी खोड होती. मी माईकवर म्हणालो, "मधुकर खरंच बुडाला का? का कुठं आहे अजून? चहा घेऊन या, मग कळंल."

आता आठवलं की कानशिलं तापतात.

आक्का चहा घेऊन स्वतः आल्या. कप माझ्या हातात देऊन तिथंच उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, पुढं घावतो का त्यो?"

सापडतो की, मी म्हणालो. झकास धडधाकट सापडतो. पोटात काही राहत नाही माझ्या, पहिल्यापासून. आक्कांनी पदर तोंडाला लावला आणि गेल्या. गोष्टीत रंगलेली बाई, मी मनात म्हटलं, ह्याला म्हणतात सांगणं.

मग सर आले. खांद्याला धरून मला पडद्याच्या मागे नेलं.

"मधुकर हे नाव कुठून काढलंत?"

"तुमच्या फुलपात्रावरून, सर."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग मास्तर फळ्यावर मुद्दे लिहितो तसं सांगितलं. मधुकर त्यांचा धाकटा भाऊ. तरुणपणी सुरतेला कामाला गेला, तिथं डोक्यावर परिणाम झाला. सरांनी त्याला घरी न आणता परस्पर पुण्याच्या पलीकडे एका संस्थेत ठेवलं. गावात सांगितलं, कंपनीत अपघात झाला, गेला. बावीस वर्षं झाली त्याला. घरात खरं फक्त आक्काला माहीत, आणि तिला शपथ घातलेली. तिने दर सणाला एकच मागणं मागितलं, एकदा मला त्याच्याकडे ने. सरांनी नेलं नाही. कुणी बघितलं तर?

"बाहेर पाहुणे बसलेत," सर म्हणाले. "ह्या घरात वेड आहे म्हटल्यावर माझ्या पोरीचं काय होईल, सांगा. त्याला मेलेलाच ठेवा. पिक्चर तुमच्या हातात आहे. इथं कुणाला ती भाषा येते?"

इथं कुणाला ती भाषा येते. पंधरा वर्षं मी ह्याच वाक्यावर जगत होतो, फक्त दुसऱ्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी हो म्हणालो. त्यांचं मीठ खाल्लं होतं, मुलगी डोळ्यांसमोर होती, ही कारणं खरीच. पण लिहायला बसलोय तर पुढचंही लिहितो. मला त्याची खुमखुमी आली. पडद्यावर जिवंत फिरणाऱ्या माणसाला तासभर मेलेला ठेवायचं, हे कसब आजपर्यंत कुणाला जमलंय? आक्कांना आत्ताच काय सांगितलं, ते माझ्या ध्यानातही राहिलं नाही.

मशीन चालू केलं. कुसुम पाव घेऊन निघाली. झाडी आली, इमारत आली. मी आवाज खोल काढून म्हणालो की मंडळी, हे स्वप्न आहे. बापाच्या काळजीने कुसुमचा डोळा लागलाय, आणि स्वप्नात तिला तिचा मेलेला चुलता दिसतोय. बरं चाललं होतं. पण तो नट पक्का. त्याने पाव घेतला, वास घेतला, दोन तुकडे केले आणि सावकाश खायला लागला. चावतोय, गिळतोय, मिशीला लागलेला चुरा पुसतोय.

पुढच्या बायांतली एक म्हणाली, "मेलेला मानूस पाव कसा खातोय?"

स्वप्नात खातात, मी म्हणालो.

"मग ती नर्सबाई पानी घिऊन आली, ती बी सपनातली का?"

तीसुद्धा.

"आन् रजिस्टरात सही करतीय ती?"

हसण्याची एक लाट मागून पुढे आली. मी घामाघूम. स्वप्नात सही का करतात ह्याचं उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून आक्का उठल्या. पडद्याच्या उजेडात, त्यांच्या पाठीवर त्या माणसाचं चावणारं तोंड.

"मघाशी मला म्हनला, घावतो म्हनून," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "आता कामून मारताय त्याला?"

त्या लोकांकडे वळल्या.

"जित्ता हाय त्यो. माझा मधू बी जित्ता हाय. दिगू, सांग की ह्यांना."

दिगू म्हणजे सर. सगळं समाजमंदिर त्यांच्याकडे वळलं. आणि मी काय केलं? माझ्या हातात माईक होता, तो चालू होता, आणि मी त्यात म्हणालो, मंडळी, शांतता राखावी. शांतताच होती हो. एवढी की माझा आवाज स्पीकरमधून जाऊन गोधड्यांना आपटून परत आला. घाईत मशीन बंद करायला गेलो तर चुकीचं बटण दाबलं आणि चित्र थांबलं. तोंडात घास असलेला तो माणूस आठ फूट उंच, सगळ्यांकडे बघत. सर उठले आणि बाहेर गेले. पाहुण्यांनी टोप्या सारख्या केल्या, एसटीची वेळ झाली म्हणाले. कुणी गोधडी काढली, ऊन आत आलं, पडद्यावरचा माणूस पुसट झाला. सामान आवरताना मला कुणी हात लावू लागलं नाही, आणि कुणी शिवीही दिली नाही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

लग्नाचं आधी सांगून टाकतो. ते स्थळ गेलं. निरोपसुद्धा आला नाही, नुसतं बोलणं थांबलं. दोन वर्षांनी मुलीला दुसरं स्थळ आलं, तेव्हा सरांनी पहिल्याच बैठकीत भावाचं सांगून टाकलं. ती माणसं दोन दिवस विचार करून हो म्हणाली. मला आमंत्रण होतं. मांडवाच्या दारातच सर म्हणाले, जेवा, आहेर नको, माईकला हात लावायचा नाही. मुलगी सुखात आहे असं ऐकतो. पण मधली दोन वर्षं त्या घराने कशी काढली असतील, ह्याचा जाब मला कुणी विचारला नाही म्हणून तो संपलाय असं नाही.

त्या खेळानंतर मी डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि म्हणालो की आता हे काम बंद. डॉक्टर टेबलावरच्या बाळांच्या वजनकाट्याचं पारडं हलवत बसले. मग म्हणाले, पिक्चर अर्धवट राहिला का हो त्यांचा? मला त्यांचा राग आला. पुढे पटलं की तेवढाच एक प्रश्न विचारण्यासारखा होता.

महिना-दीड महिना गेला. दुकानात फोन आला, सरांचा. गाडी मोकळी आहे का विचारलं. माझ्याकडे सामानाची व्हॅन होती. आक्काला पुण्याच्या पलीकडे न्यायचंय, गावातली गाडी नको. मी म्हणालो, उद्या येतो.

काय झालं होतं ते वाटेत आक्कांनीच सांगितलं, सर पुढे बसलेले असताना, जसं ते तिथं नाहीतच. त्या दिवसापासून त्यांनी भावाशी बोलणं टाकलं होतं. भांडण नाही, रुसवा नाही. वेळेवर ताट वाढायचं, पाणी ठेवायचं, एक शब्द बोलायचा नाही. सरांनी आधी रागावून पाहिलं, मग समजावून. मग तेही गप्प झाले. शेवटी परवा ताटावरून उठताना म्हणाले, रविवारी जाऊ. "दीड म्हयना लावला त्याला एक वाक्य बोलायला," आक्का म्हणाल्या. "एवढा शिकलेला हाय." सर खिडकीतून बाहेर बघत राहिले. आक्कांच्या मांडीवर फडक्यात गुळाच्या दशम्या होत्या. मधूला त्या आवडतात, म्हणजे आवडायच्या, म्हणजे आता काय ठाऊक, असं त्या दर फाट्याला म्हणत होत्या.

संस्था साधी, स्वच्छ. दाराशी कण्हेर, आत लांब ओसरी. आक्का उतरल्या आणि थेट फाटकातून आत गेल्या. मागे वळून बघितलं नाही. तिथली एक मावशी त्यांना हात धरून ओसरीच्या कडेने घेऊन गेली, मग दिसेनाशा झाल्या.

सर गाडीतच बसले. मीही बसलो. दहा मिनिटं गेली असतील.

"मी वर्षातून दोनदा येतो इथं," ते म्हणाले. "बावीस वर्षं. हापिसात जातो, कागदावर सही करतो, तब्येत विचारतो आणि परत फिरतो. आत गेलेलो नाही कधी."

आक्कांना हे माहीत नव्हतं. दिगू तरी त्याला बघून येतो, असं त्या वाटेत बोलल्या होत्या.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "त्या पिक्चरमध्ये पुढं काय होतं?"

मला दहा शेवट सुचले. एकाहून एक सरस. भाऊ बरा होतो, म्हाताऱ्याची वाचा परत येते, गाव वाजतगाजत भेटायला येतं. इथं कुणाला ती भाषा येते? पण पहिल्यांदाच मला जो होता तोच सांगावासा वाटला, आणि तो अगदीच मामुली होता.

"मुलगी त्या भावाला घरी घेऊन येते," मी म्हणालो. "म्हाताऱ्याला बोलता येत नाही, आणि हा त्याला ओळखत नाही. दोघं टेबलाशी बसतात. मुलगी मध्ये पाव ठेवते."

"मग?"

"मग काही नाही. बसून राहतात. संपला."

"ओळखत नाही शेवटपर्यंत?"

"नाही, सर."

"एवढंच?"

"एवढंच आहे."

सरांनी दार उघडलं. उतरले, शर्ट खाली ओढून सारखा केला, फाटकापर्यंत गेले. तिथून परत आले आणि माझ्या खिडकीशी वाकून उभे राहिले.

"मला ओळखलं नाही तर काय म्हणायचं त्याला?"

पंधरा वर्षं मी कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांच्या तोंडात वाक्यं घातली. बापांच्या, बायकांच्या, मरणाऱ्यांच्या. पडद्यावर कुणी गप्प बसलं तरी मी त्याला काहीतरी बोलायला लावायचो. त्या खिडकीत सर वाट बघत उभे होते आणि माझ्याकडे एक वाक्य नव्हतं.

मग मान हलवून ते आत गेले.